परतीच्या वाटा, लेखांक ६ : जॉन न्यूटनचे दुसरे बंड

वादळात सापडलेले जहाज, मरणाच्या भीतीने तोंडून निघालेला देवाचा धावा आणि तिथून पुढे साधुपुरुषाचे आयुष्य, अशी जॉन न्यूटनची गोष्ट ठिकठिकाणच्या चर्चमधून आजही सांगितली जाते. ‘अमेझिंग ग्रेस’ या जगभर गायल्या जाणाऱ्या गीताचा हा कर्ता. गीत आणि वादळ यांची सांगड घातली की गोष्ट गोळीबंद होते. अडचण फक्त सनावळीची आहे. वादळ मार्च १७४८ मधले. गीत १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी रचलेले. मधे पंचवीस वर्षे आहेत आणि त्यांतल्या १७५० ते १७५४ या काळात याच माणसाने गुलामवाहू जहाजांचा कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. म्हणजे धावा करून झाल्यावर आणि बायबल नित्य हातात असताना. गेल्या आठवड्यात आपण ऑगस्टीनचा मिलानच्या बागेतला क्षण पाहिला. त्या क्षणात अनेक वर्षांची घालमेल शमली होती. न्यूटनची खरी घालमेल त्याच्या क्षणानंतर सुरू व्हायला हवी होती, आणि ती फार उशिरा झाली. का, हाच आजचा प्रश्न आहे.

न्यूटनचा जन्म १७२५ चा, लंडनच्या वॉपिंग भागातला. बाप जहाजाचा कप्तान, आई धर्मनिष्ठ. मुलाला प्रार्थना आणि गीते पाठ करून देणारी ही आई तो सात वर्षांचा होण्याआधीच क्षयाने गेली आणि अकराव्या वर्षी पोरगा बापाबरोबर समुद्रावर गेला. १७४४ मध्ये नौदलाच्या भरती टोळीने त्याला सक्तीने उचलून ‘हारविच’ या युद्धनौकेवर घातले. तिथून तो पळाला, पकडला गेला, सर्वांसमोर फटके खाल्ले, होते ते पदही गमावले. पण त्याच्या बंडाला फक्त दांडगाईचे अंग नव्हते. तत्त्वचिंतक शाफ्ट्सबरीचे लेखन वाचून त्याने श्रद्धा टाकली होती, आणि इतरांचीही मोडावी याचा त्याला जणू नादच लागला होता. पुढे एका जहाजावर त्याने कप्तानाची टर उडवणारे गाणे रचले आणि ते खलाशांना म्हणायला शिकवले. ख्रिस्ती गीतांच्या या मोठ्या कर्त्याचे पहिले गाजलेले गाणे हे असे! पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या गुलाम व्यापाऱ्याच्या चाकरीत उपासमार आणि अपमानही त्याने भोगले. माणसाला माणसाने मालमत्तेसारखे वागवले की काय होते, हे त्याला स्वतःच्या अंगावरून ठाऊक झाले होते. पुढचे समजून घेताना एवढे ध्यानात ठेवायला हवे.

‘ग्रेहाउंड’ जहाजावरचे ते वादळ खरोखर भयंकर होते. न्यूटनच्या ऐवजी डेकवर गेलेला माणूस लाटेबरोबर वाहून गेला. जहाज बुडाले नाही याचे एक कारण मालात मेण आणि लाकूड होते, हे स्वतः न्यूटननेच नोंदवले आहे. महिनाभराने जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले तेव्हा शिव्याशाप सुटले होते आणि प्रार्थना सुरू झाली होती. पण बदलले काय? बंडखोर वळणावर आला. लिव्हरपूलच्या जहाजमालकाने त्याला कामावर घेतले, प्रेम होते त्या मुलीशी लग्न झाले, पंचविशीत कप्तानपद मिळाले. समाजाच्या लेखी पोरगा सुधारला. आणि त्या काळच्या लिव्हरपूलमध्ये सुधारलेल्या, कर्तबगार तरुणाने करण्याजोगा प्रतिष्ठित धंदा म्हणजे गुलामांचा व्यापार. माझे म्हणणे असे की १७४८ साली न्यूटन देवाला शरण गेला तसा आपल्या शहरालाही शरण गेला, आणि या दोन शरणागतींतला फरक त्याला तीस-चाळीस वर्षे दिसला नाही. आपल्याकडे वाल्या कोळ्याला घरच्यांनी सांगितले की तुझ्या पापात आमचा वाटा नाही. तिथे त्याचे डोळे उघडले. न्यूटनला असे म्हणणारे कोणी नव्हते. जहाजमालक, विमेवाले, साखरेचे व्यापारी, चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणारे सज्जन, सगळे वाटेकरी व्हायला एका पायावर तयार होते.

कप्तान न्यूटनची रोजनिशी १९६२ मध्ये छापून निघाली. तिच्यात पकडून आणलेल्या माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत; मृत्यूची नोंदही क्रमांकानेच. उठावाचा संशय आला तेव्हा काही मुलांच्या अंगठ्यांना शिकंजे लावल्याची नोंद आहे. हाच कप्तान रविवारी खलाशांची उपासना घेत होता, केबिनमध्ये बसून लॅटिनचा अभ्यास करीत होता आणि पत्नीला हळवी पत्रे लिहीत होता. १७५४ साली त्याने समुद्र सोडला तो अचानक आलेल्या झटक्यामुळे, वैद्याच्या सल्ल्यावरून. त्यात सदसद्विवेकाचा भाग नव्हता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : काळच तसा होता. निम्माच खरा. न्यूटनने जहाज सोडले त्याच १७५४ साली अमेरिकेत जॉन वुलमन या क्वेकर गृहस्थाने गुलाम बाळगण्याविरुद्ध पुस्तिका छापली, आणि पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउनच्या रहिवाशांनी तर १६८८ मध्येच लेखी निषेध नोंदवला होता. त्याच काळात, तेच बायबल वाचून काहींना दिसत होते. दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा : मग ती श्रद्धा ढोंगच म्हणायची! हेही मला पटत नाही. वादळानंतर बराच काळ आपण खऱ्या अर्थाने विश्वासी नव्हतो, असे न्यूटनने १७६४ च्या आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवले आहे. ढोंगी माणूस आपल्याच चमत्काराची किंमत अशी उतरवत नाही. ख्रिस्ती विचारात कृपेने क्षमा मिळणे आणि आयुष्य पवित्र होत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत; पहिली क्षणात होऊ शकते, दुसरीला जन्म लागतो. मात्र या भेदाचा आडोसा फार सोयीचाही ठरतो. शुभवर्तमानातल्या जक्कयाने तारण मिळाले त्या दिवशीच लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. न्यूटन तिथे कमी पडला, यात शंका नाही.

मग फेड कधी झाली? १७८५ च्या अखेरीस विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार श्रद्धेच्या पेचात लपतछपत त्याच्याकडे आला. राजकारण सोडू नकोस, तिथेच राहून सेवा कर, असा सल्ला समुद्र सोडल्यानंतर पाळक झालेल्या या वृद्धाने दिला. आणि १७८८ मध्ये त्याने आफ्रिकी गुलाम व्यापारावरची पुस्तिका काढली : माणसे जहाजात कशी दाटीने निजवतात, बायकांचे काय होते, किती मरतात आणि या सगळ्यात आपला हात किती होता. गुलामगिरीविरोधी चळवळ उभी राहिल्यावर, साठी ओलांडून लिहिणे सोपे होते, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. परंतु विरोधकांची साक्ष ऐकीव म्हणून उडवून लावता येत होती. माजी कप्तानाची येत नव्हती. ती विश्वसनीय ठरण्यासाठी पुण्यवान म्हणून कमावलेले नाव स्वतःच्या हाताने काळे करणे भाग होते, आणि ते त्याने केले. प्रिव्ही कौन्सिल आणि पार्लमेंटच्या समितीपुढेही तो उभा राहिला. तरुणपणी मोडले होते ते देवाविरुद्धचे बंड. म्हातारपणी उभारले ते सभ्य लोकांच्या धंद्याविरुद्धचे. माझ्या मते न्यूटनचा पालट पुरा झाला तो इथे.

गुलाम व्यापारबंदीचा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला. त्याच डिसेंबरात न्यूटन वारला. ज्या एक्लेक्टिक सोसायटीच्या संस्थापकांत तो होता, तिच्याच वर्तुळातून १७९९ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी निघाली. पुढे अरब जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना या सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपुरात ठेवले, शिकवले. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेला. शरणपूरची हकीकत पुढच्या आठवड्यात.