हिणकस : कसोटीच्या दगडावरचा शब्द

डाळीत खडे निघाले, कापड दोन धुण्यांत विरले, की गृहिणीच्या तोंडी सहज शब्द येतो : ‘हिणकस माल!’ आज हा शब्द कोणत्याही कमअस्सल वस्तूला लागतो. त्याचे माहेर मात्र सराफाची पेढी. ‘हीण’ म्हणजे सोन्या-चांदीत मिसळलेला हलका धातू आणि ‘कस’ म्हणजे कसोटीच्या काळ्या दगडावर घासून ठरणारी शुद्धता. ज्याच्या कसात हीण दिसते, ते हिणकस.

जवळचे शब्द सारखे वाटले तरी एकच नव्हेत. ‘निकृष्ट’ हा ‘उत्कृष्ट’च्या उलट, खालची प्रत सांगणारा. ‘सुमार’ फारसीतून आला. मूळ अर्थ मोजणी, मग अंदाज आणि पुढे जेमतेम दर्जाचा. या दोन शब्दांत दर्जाची पायरी आहे, भेसळीची छाया नाही. ‘हिणकस’मध्ये ती आहे. म्हणून साध्या प्रतीच्या तांदळाला सुमार म्हणावे. उंची तांदळात तोच मिसळून विकला, तर तो माल हिणकस.

हीण हा स्वतः दोष नव्हे, हे सराफ जाणतो. चोख सोने मऊ असते. दागिना टिकावा म्हणून त्यात तांबे, चांदी घालावी लागते. 22 कॅरेटमध्ये हजारात सुमारे 916 भाग सोने, 18 कॅरेटमध्ये 750. सांगून घातलेले हीण हा व्यवहार. लपवलेले हीण ही फसवणूक. 16 जून 2021 पासून देशात टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क हेच प्रमाण दागिन्यावर उमटवतो.

श्रावकाला हा भेद नवा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे मापात कमी-जास्त करणे आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे अस्सलाच्या नावावर नक्कल किंवा भेसळ खपवणे. हलका माल विकण्यास तेथे मनाई नाही. त्याला भारी म्हणून विकणे हा व्रताला लागलेला डाग होय.

दुकानात दुय्यम माल असणारच. प्रत्येक गिऱ्हाइकाची ऐपत सारखी नसते. ‘हा माल दुसऱ्या प्रतीचा आहे, भावही तसाच आहे’, एवढे वाक्य विक्रेत्याने आधी उच्चारले, तर ‘हिणकस’ हा शब्द गिऱ्हाइकाला नंतर उच्चारावा लागत नाही. गल्ल्यावर नव्याने बसणाऱ्या मुलाला भावांच्या यादीआधी हे वाक्य शिकवावे.