दोन काचांमधली हवा

एडिनबराच्या न्यू टाउनचा आराखडा जेम्स क्रेग यांनी १७६०च्या दशकात केला. वालुकाश्माच्या त्या घरांच्या भिंती जाडजूड, खिडक्या मात्र उंच आणि एकेरी काचेच्या. वरखाली सरकणारी तावदानं दोरी, कप्पी आणि चौकटीत दडवलेल्या वजनांवर तोललेली. थंडीत घरातली ऊब इथूनच भराभर निसटते. साहजिकच जुनी खिडकी काढून नवी बसवण्याचा मोह होतो. पण हाती आलेली मोजमापं आधी थोडं थांबायला सांगतात.

मुळात काच उष्णता फारशी अडवतच नाही. आत-बाहेर एका अंशाचा फरक असला, की चार मिलिमीटरच्या एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५.८ वॉट उष्णता बाहेर जाते. हा आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू. तो जितका लहान, तितकी खिडकी उबदार. उष्णतेला जो काही अडसर होतो, त्यात काचेचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के. बाकीचं काम काचेला दोन्हीकडून बिलगलेला हवेचा पातळ थर करतो. त्यामुळे काच जाड करून काही साधत नाही. हवा कोंडून धरावी लागते.

ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेसाठी अशा पारंपरिक सरकत्या खिडकीची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००८मध्ये प्रसिद्ध झाले. जाड पडद्याने काचेतून जाणारी उष्णता १४ टक्क्यांनी घटली. आतल्या लाकडी झडपा मिटल्यावर ५१ टक्क्यांनी. जुन्या तावदानाच्या आतून दुसरं तावदान बसवल्यावर तर ६३ टक्क्यांनी.

यातल्या झडपा अनेक घरांत पहिल्यापासूनच आहेत. दिवसा त्या खिडकीच्या बाजूच्या कप्प्यांत घडी होऊन बसतात. कित्येक ठिकाणी मात्र रंगाचे थरावर थर चढून त्या जाम झाल्या आहेत. तो रंग खरवडून बिजागऱ्या मोकळ्या करणं हे सुताराचं काम, आणि रात्रीपुरता त्याचा लाभ भरघोस.

आतलं तावदान बसवताना एक पथ्य पाळायलाच हवं. ते घट्ट बसलं पाहिजे आणि बाहेरच्या जुन्या तावदानाला किंचित फट राहिली पाहिजे. नाहीतर खोलीतली दमट हवा मधल्या पोकळीत शिरते, बाहेरच्या गार काचेवर पाणी धरतं आणि लाकूड कुजू लागतं.

नव्या घराची गोष्ट वेगळी. जर्मनीत डार्मश्टाट इथे १९९१मध्ये उभ्या राहिलेल्या पॅसिव्ह हाउसला, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराला, तिहेरी काच बसवली होती. उष्णता आत परतवणारा धातूचा अतिसूक्ष्म लेप आणि काचांमध्ये अरगॉनसारखा वायू असेल, तर आज तिहेरी काचेची यू-व्हॅल्यू ०.७ किंवा त्याहूनही खाली येते. नव्याने बांधणाऱ्याने हीच काच निवडावी.

पण दोनशे वर्षं टिकलेलं लाकूड भंगारात टाकण्याआधी क्रम पाळावा: आधी दुरुस्ती, मग फटी बुजवणं, मग झडपा, मग आतलं तावदान. एवढं करूनही थंडी वाजली, तरच नव्या खिडकीचा विचार करावा.