सूत्रातील ‘अर्धा’ कोठून आला?

पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर काढण्याचे सूत्र आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाठ केलेले आहे : अंतर = ½ × त्वरण × काळाचा वर्ग. मात्र त्यातील ‘अर्धा’ कोठून आला, असे विचारताच वर्गात शांतता पसरते. केवळ परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून काहीही मान्य करू नका, असा उपदेश तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केला. त्याच कसोटीवर आपण हे सूत्र घासून पाहू.

विहिरीच्या काठावरून एक दगड सोडला व तो दोन सेकंदांनी पाण्यावर आदळला, असे समजू. हवेचा रोध आणि आवाज वर येण्यास लागणारा अल्प वेळ तूर्त सोडून देऊ. दगडाचा वेग आरंभी शून्य असतो आणि दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. म्हणून दोन सेकंदांनी तो १९.६ होतो. येथे पुष्कळ विद्यार्थी १९.६ × २ = ३९.२ मीटर असे उत्तर लिहितात. परंतु तो वेग दगडाला केवळ अखेरच्या क्षणी लाभला. शून्यापासून १९.६ पर्यंत तो एकसारखा वाढत गेल्याने सरासरी वेग ९.८ आणि खोली १९.६ मीटर. सूत्रातील ‘अर्धा’ तो हाच, सरासरीचा.

आता सेकंदागणिक हिशेब करू. पहिल्या सेकंदात दगड ४.९ मीटर पडतो, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५, म्हणजे १ : ३ : ५. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून, पाण्याच्या घड्याळाने काळ मोजून हा नियम पडताळला आणि १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला.

हाच ‘अर्धा’ रस्त्यावर उलट दिशेने भेटतो. ब्रेकमुळे गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद घटतो, असे धरू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. थांबण्यास २ सेकंद, सरासरी वेग ५, अंतर १० मीटर. ताशी ७२ असता ४ सेकंद, सरासरी १०, अंतर ४० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट! धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात अनुक्रमे १० व २० मीटरांची भर पडते. एकूण २० आणि ६० मीटर.

दीक्षाभूमीला वा चैत्यभूमीला जाताना आपली कित्येक कुटुंबे रात्रीचा प्रवास करतात. मोटारीच्या दिव्यांत चाळीस मीटरांवर कोणी उभे दिसले, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबेल, दुसरी थांबणार नाही. हा फरक घोकलेल्या सूत्राने ध्यानी येत नाही, उमगलेल्या सूत्राने येतो. म्हणून पालकांना आमची विनंती आहे : सुट्टीत पाल्य घरी आला, की सूत्र म्हणून दाखव असे न सांगता, ‘अर्धा’ का, एवढेच त्याला विचारावे.