विमानांवरील चिन्हें आणि आमचा जिल्हा

कपिध्वज दिसला कीं अर्जुन आणि तालध्वज दिसला कीं भीष्म, हें कुरुक्षेत्रावर दुरूनच ओळखूं येई. विमानयुगांत ध्वजाचें हें काम पंखांवरील रंगीत वर्तुळांकडे आलें. भेद एवढाच कीं, आकाशांत मित्र कोण आणि शत्रु कोण हें ठरविण्यास वैमानिकास एक पळहि मिळत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांतील इटलीचीं विमानें घ्या. त्यांच्या पंखांवर वर्तुळांत तीन ‘फाशेस’, म्हणजे कुऱ्हाड खोंवलेल्या काठ्यांच्या मोळ्या, असत. प्राचीन रोमच्या दंडाधिकाराचें हें चिन्ह मुसोलिनीच्या पक्षानें उचललें होतें. शेपटीवर मात्र सव्हॉय राजघराण्याचा पांढरा क्रूस. एकाच विमानावर पक्ष आणि राजा दोघेहि स्वार! सप्टेंबर १९४३ मध्यें इटली शरण गेली आणि ही जोडी फुटली. राजाकडील वैमानिकांनीं हिरवें, पांढरें व तांबडें वर्तुळ घेतलें. उत्तरेंत मुसोलिनीच्या सरकारानें चौकोनांत दोन मोळ्या पाठीला पाठ लावून काढल्या. देश एक, चिन्हें दोन, आणि भाऊ भावासमोर.

या आकाशाशीं आमच्या धाराशिवचा संबंध काय, असें वाचक विचारतील. १९४२-४३ मध्यें ट्युनिशिया व सिसिली येथें जर्मन व इटालियनांशीं लढलेल्या ब्रिटिश पथकांत १५२ वें ‘हैदराबाद’ पथक होतें. त्याच्या बिल्ल्यावर निजामाचें शिरोभूषण असून ‘विश्वासू मित्र’ हें ब्रीद होतें. त्यापूर्वीं १९१८ सालीं फ्रान्सांत उतरलेल्या ११० व्या पथकाचीं मूळ विमानें निजामानेंच दिलेलीं असून तसा लेख त्यांवर रंगविलेला होता. आमचा जिल्हा तेव्हां निजामी मुलुखांत. ज्या शेतसाऱ्यावर त्या राज्याचें वैभव उभें होतें, त्यांत आमच्याकडील ज्वारीचाहि वाटा होता. विमानावर नांव निजामाचें. कुणब्याचें कोठेंच नाहीं.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर निराळीच अडचण आली. जपानी विमानांवर तांबडा सूर्य, आणि ब्रिटिश वर्तुळाचा मध्यहि तांबडा. आपल्याच गोळीनें आपला माणूस मरूं नये म्हणून १९४३ मध्यें तो मध्य पुसून वर्तुळ निळें-पांढरें केलें. हिंदी वैमानिकहि तेंच घेऊन लढले. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागीं अशोकचक्र आलें, आणि १९५० पासून तिरंगी वलयें.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्यानें सोलापुराकडून येऊन नळदुर्ग घेतला. दुसऱ्या दिवशीं उमरग्याहून राजेश्वराकडे जातांना वाटेंतील मोर्चांवर भारताच्या टेंपेस्ट विमानांनीं मारा केला. ज्या संस्थानाचें नांव तीस वर्षांपूर्वीं परक्यांसाठीं विमानांवर चढलें, त्याच्या आकाशांत आतां स्वदेशाचें चिन्ह आलें होतें.

आज इटलीचें व आपलें वर्तुळ शेजारीं ठेवून पाहावें. दोहोंच्या मध्यभागीं हिरवा, मग पांढरा. बाहेर त्यांचा तांबडा आणि आपला केशरी. एका रंगाचें अंतर! घरांतील मुलांकडून हीं वर्तुळें अवश्य काढून घ्यावींत. रंग भरतांना, हें चिन्ह कोणाचें आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे दोन प्रश्नहि त्यांस विचारावे, असें आम्हांस वाटतें.