जागा मेंदू, चपळ हात

दुपारचा तास चालू आहे. नुकतेच जेवण झाले आहे. तुमचे डोळे जड होत आहेत. तेवढ्यात सर तुम्हांला प्रश्न विचारतात. शेजारचा मित्र कोपराने ढोसतो. तुम्ही दचकून उभे राहता; पण उत्तर चटकन सुचत नाही. प्रश्न तर कानांवर पडला होता. मग उशीर का झाला?

याचे कारण मेंदूत आहे. आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी असतात. त्या एकमेकींना विजेचे अतिशय सूक्ष्म संदेश पाठवतात. असंख्य पेशी एका लयीत काम करू लागल्या, की विजेचे चढउतार डोक्याच्या त्वचेवरही मोजता येतात. कागदावर ते पाण्याच्या लाटांसारखे दिसतात. म्हणून त्यांना मेंदूच्या लहरी म्हणतात.

माणसाच्या मेंदूच्या लहरी प्रथम टिपल्या त्या हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी. ते येना शहरात काम करत. 1924 साली त्यांना पहिले यश मिळाले. तरी त्यांनी घाई केली नाही. पाच वर्षे पुन्हा पुन्हा प्रयोग करून 1929 साली त्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला. त्यांनी आपल्या मुलावरही हे प्रयोग केले होते.

बर्गर यांना एक गंमत आढळली. माणूस डोळे मिटून शांत बसला, की सेकंदाला सुमारे दहा लहरी उमटत. त्यांना त्यांनी 'अल्फा' लहरी म्हटले. त्याने डोळे उघडले किंवा मनात गणित सोडवायला घेतले, की या लहरी मंदावत. त्यांच्या जागी लहान आणि वेगवान 'बीटा' लहरी दिसत. पेंग येऊ लागली, की याच्या उलट घडते. लहरी संथ होतात. सेकंदाला चार ते सात 'थीटा' लहरी दिसू लागतात. गाढ झोपेत तर सेकंदाला चारपेक्षाही कमी, पण मोठमोठ्या 'डेल्टा' लहरी उमटतात.

लहरी संथ होऊ लागल्या, की आपली प्रतिक्रियाही मंदावते. डोळ्यांनी पाहिल्यापासून हात हलेपर्यंत जो वेळ जातो, त्याला प्रतिक्रिया-काल म्हणतात. तो तुम्हीही मोजू शकता. मित्राला 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाजवळ, शून्याच्या खुणेपाशी, आपली दोन बोटे उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली, की ती चिमटीत पकडा. ती 20 सेंटिमीटरवर पकडली, तर तुम्हांला सुमारे 0.2 सेकंद लागला. हाच प्रयोग सकाळी ताजेतवाने असताना आणि रात्री पेंगत असताना करून पाहा.

एवढ्याशा वेळाने काय बिघडते, असे वाटेल. पण रात्री ट्रक चालवणाऱ्या माणसाचा विचार करा. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात सोळा मीटरांहून अधिक पुढे जातो. चालकाला तीन सेकंदांची डुलकी लागली, तर ट्रक सुमारे 50 मीटर आपोआप धावतो! कधी कधी चालकाचे डोळे उघडे असतात; पण मेंदू क्षणभर झोपलेला असतो. आपल्याला डुलकी लागली, हे त्याला कळतही नाही.

तोंडावर पाणी मारले किंवा चहा घेतला, तर थोडा वेळ हुशारी वाटते. पण झोपेची उणीव झोपेनेच भरून निघते. म्हणून शहाणा चालक झोप आली, की गाडी सुरक्षित जागी थांबवून विश्रांती घेतो.

परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हीही हे लक्षात ठेवा. रात्रभर जागून वाचलेली पाने ऐन वेळी आठवत नाहीत. पुस्तक वेळेवर मिटा आणि शांत झोपा. सकाळी जागा मेंदू तुमची वाट पाहत असेल.