परमुलखात उतरल्यावर घरी निरोप कसा धाडावा?

हल्ली आपल्याकडची पुष्कळ माणसे कामासाठी परदेशी जातात. कुणी गवंडी, कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर. मुंबईहून सुटलेले विमान सुमारे तीन तासांत दुबईला उतरते.

आमचा एक जुना विद्यार्थी असाच गवंडीकामाला दुबईस गेला. निघताना पाया पडायला आला. "गुरुजी, न्यायला येणाऱ्या माणसाचा नंबर मोबाईलात आहे. उतरलो की लावतो फोन," म्हणाला. आम्हीही मान डोलावली. दुबईला उतरला, तर फोन मुका! न्यायला आलेला माणूस एका दाराशी, हा दुसऱ्या दाराशी. चार तास असेच गेले. इकडे त्याची आई देव पाण्यात ठेवून बसली. अखेर एका भल्या केरळी माणसाने आपला फोन त्याच्या हाती दिला, तेव्हा चुकामूक मिटली.

असे का झाले बरे? मोबाईल बोलतो तो टॉवरच्या आधाराने. आपल्या कंपनीचे टॉवर आपल्या देशात. दुबईतले टॉवर तिथल्या कंपनीचे. "हा आमचा माणूस आहे, याचा खर्च आम्ही भरू," असे आपल्या कंपनीने कळवले असेल, तरच तो टॉवर आपले सिमकार्ड ओळखतो. यालाच रोमिंग म्हणतात. आमच्या विद्यार्थ्याने ते चालू केलेच नव्हते. आणि आम्हीही त्याला विचारले नव्हते!

तेव्हा मंडळी, निघण्यापूर्वी एवढे करा.

पहिले, रोमिंग घरूनच चालू करून घ्या. पॅक किती दिवसांचा, किती रुपयांचा, ते नीट विचारा. पॅक घेतला नसेल तर डेटा रोमिंगचे बटण बंद ठेवा. नाहीतर चार चित्रे बघितली आणि बिल पाहून घाम फुटला, असे व्हायचे.

दुसरे, वायफाय. दुबईच्या विमानतळावर ते फुकट मिळते. पण त्याचे नाव तिथल्या गणवेशातल्या माणसाला विचारूनच जोडा. नावात नाव मिसळून फसवणारे लोक असतात. अशा वायफायवर बँकेचे काम करू नका. काही देशांतल्या विमानतळांवर वायफाय जोडण्यासाठी फोनवर आकडे येतात. सिम मुके असेल तर ते आकडे येणार कसे? म्हणून नुसत्या वायफायवर विसंबू नका.

तिसरे, तिथले सिम. जास्त दिवस राहायचे तर हेच स्वस्त पडते. ते घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. आपले जुने सिम मात्र जपून ठेवा. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. नव्या फोनांत ई-सिम चालते, म्हणजे कार्ड घालावे लागत नाही. पण ते बसवायला इंटरनेट लागते. म्हणून ते घरीच बसवून जावे.

चौथे, बोलणे. दुबईत व्हॉट्सॲपवरून साधारणपणे फोन लागत नाही. तिथल्या सरकारने परवानगी दिलेल्या ठरावीक ॲपवरूनच बोलता येते. लिहिलेला निरोप मात्र व्हॉट्सॲपवर बिनघोर जातो. घड्याळाचेही ध्यानात ठेवा. तिथे सकाळचे १० वाजतात, तेव्हा आपल्याकडे ११.३० झालेले असतात.

पाचवे आणि सर्वांत स्वस्त, कागद. न्यायला येणाऱ्याचा नंबर, मुक्कामाचा पत्ता आणि घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. दुबईच्या नंबरापुढे ९७१ आणि आपल्या नंबरापुढे ९१ लिहायला विसरू नका. बॅटरी संपली तरी कागद संपत नाही. चार्जरचेही बघा. तिथल्या भिंतीतली भोके तीन चपट्या दांड्यांची असतात. आपली गोल पिन त्यांत बसत नाही. जोडपिन बरोबर न्या.

आमचा विद्यार्थी पुढच्या खेपेस गेला, तो असा कागद खिशात घालून. उतरताच त्याने दोन शब्द लिहून धाडले, "सुखरूप पोचलो." त्याची आई त्या वर्षी आमच्या रात्रीच्या वर्गाला येत होती. तो निरोप तिने स्वतः वाचला. शेजारच्या पोराला हाक मारावी लागली नाही.