भुरी आणि केवडा : दिसायला भाऊ, नात्यानं परके

सभासद बंधूंनो, उसाच्या जोडीला आपल्यापैकी कित्येकांची द्राक्षबाग असते. पान पांढरं दिसलं की "बुरशी आली" म्हणून गंधक मारून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी खोड. आधी पान उलटून पाहावे. बोटानं पुसली जाणारी पिठासारखी भुकटी म्हणजे भुरी. ती खरी बुरशी. आसवनीत मळी आंबवणारं यीस्टही तिच्याच गटातलं! ती गंधकानं आटोक्यात येते.

पानावर तेलकट पिवळे डाग अन् त्याच जागी खालून पांढरी लव, तो केवडा. हा बुरशीच्या कुळातलाच नव्हे. त्याचं नातं तपकिरी शेवाळांशी. त्याला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण लागतं. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी ते १८८५ साली केवड्यासाठीच जाहीर केलं. गंधकावर विसंबून राहिलात तर पावसाळी हवेत तो घडांवर उतरलाच म्हणून समजा.